‘देव मानता का?’ एवढ्याने भागत नाही



चळवळीत काम करताना आम्हाला दोन प्रकारची माणसे हटकून भेटतात. पहिला म्हणतो, तुमचा हा बुद्धिवाद पाश्चात्त्यांकडून उसना आणलेला आहे, या मातीत तो रुजणार नाही. दुसरा आपलाच असतो. नुकताच वाचायला लागलेला, हुशार, तावातावाने बोलणारा. त्याच्या मोबाइलमध्ये पाश्चात्त्य तत्त्वज्ञांची वचने फोटोसकट साठवलेली असतात. वाद पेटला की तो एकेक बाहेर काढतो. बघा, एवढा मोठा तत्त्वज्ञ काय म्हणतो! पहिल्याचा पुरावा ‘शास्त्रात लिहिले आहे’, दुसऱ्याचा पुरावा ‘कांटने लिहिले आहे’. पोथी बदलली, पोथीपुढे मान तुकवण्याची सवय तशीच राहिली.

या दोघांनाही उत्तर द्यायचे तर ती माणसे खरोखर काय म्हणाली ते वाचले पाहिजे, असे ठरवून आम्ही दहा-बारा जणांनी वस्तीतल्या विहारात रविवारचा अभ्यासवर्ग सुरू केला. कुणी स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी, कुणी कंत्राटी कामगार, कुणी शाळामास्तर, एक निवृत्त पोस्टमन काका. आमच्यापैकी दोघांना कॉलेजात एका प्राध्यापकांनी सांगितले होते की तत्त्वज्ञान घेऊन तुम्ही काय करणार, पोटापाण्याचे बघा. सल्ला हितचिंतकाचा वाटावा असा होता. पण त्याच वर्गातल्या इतर मुलांना तो दिला गेला नाही. म्हणजे ज्ञान कोणासाठी असते हा प्रश्न आम्ही पुस्तकातून उचललेला नाही. तो घेऊनच आम्ही पुस्तकाकडे आलो.

फळ्यावर तीन प्रश्न लिहून ठेवले. जाणण्याचा अधिकार कोणाला? खऱ्या-खोट्याची कसोटी कोणती? आणि देवाकडे काम कोणते सोपवले? प्रत्येक तत्त्वज्ञाला हेच तीन प्रश्न विचारायचे. चौथा प्रश्न नंतर आला. तो कसा आला ते पुढे सांगतो.

शंकेचा हक्क आणि जामीनदार देव

रेने देकार्तने १६३७ साली आपली विचारपद्धती मांडणारे पुस्तक प्रसिद्ध केले, ते लॅटिनमध्ये नाही, फ्रेंचमध्ये. लॅटिन ही तिथल्या पंडितांची भाषा, फ्रेंच ही लोकांची. पुस्तकाच्या आरंभीच तो सांगतो की खरे-खोटे निवडण्याची शक्ती सर्व माणसांत सारखीच आहे. फरक पडतो तो ती वापरण्याच्या रीतीत. ज्या समाजात ज्ञान एका वर्णाच्या तिजोरीत ठेवले गेले, त्या समाजातल्या माणसाने हे वाक्य थांबून वाचावे.

मग तो प्रत्येक गोष्टीवर शंका घेतो. इंद्रिये फसवतात, स्वप्नही जागेपणासारखे भासते, गुरूने सांगितलेले चुकीचे असू शकते. शेवटी एकच गोष्ट शंकेतून सुटते, ती म्हणजे शंका घेणारा विचार करतो आहे आणि म्हणून तो आहे. ज्ञानाची सुरुवात धर्मग्रंथापासून होत नाही, विचार करणाऱ्या माणसापासून होते. ही उलथापालथ मोठी होती.

पण लगेच तो देवाला आत आणतो. आपली बुद्धी आपल्याला फसवत नाही याची हमी काय? देव आहे आणि तो फसवा नाही, ही हमी. देव झाला जामीनदार. यावर १६४१ मध्येच आंत्वान अर्नो या धर्मशास्त्र्याने बोट ठेवले : देव आहे हे तू बुद्धीने सिद्ध करतोस आणि बुद्धीवर विश्वास ठेवतोस तो देवामुळे, मग हे गोल फिरणे झाले. दोन वर्षांनी बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने पत्रातून विचारले की आत्म्याला जर शरीरच नाही, तर तो हात-पाय हलवतो कसा? देकार्तला या प्रश्नाचे धड उत्तर देता आले नाही.

काळ कसा होता तेही लक्षात घ्यावे. १६३३ मध्ये गॅलिलिओला शिक्षा झाल्याचे कळताच देकार्तने विश्वरचनेवरचे आपले तयार पुस्तक छापायचे थांबवले होते.

बहिष्कृत स्पिनोझा

आमच्या वर्गात सर्वांत जास्त रविवार गेले ते बारूख स्पिनोझावर. २७ जुलै १६५६ रोजी ॲमस्टरडॅमच्या यहुदी समाजाने त्याला बहिष्कृत केले. तेव्हा त्याचे वय २३. आदेश असा : त्याच्याशी कोणी बोलू नये, पत्रव्यवहार करू नये, त्याच्यासोबत एका छपराखाली राहू नये, चार हातांच्या आत जाऊ नये, त्याने लिहिलेले वाचू नये. त्याची नेमकी कोणती मते पाखंडी आहेत, हे मात्र त्या आदेशात लिहिलेले नाही.

हा आदेश वाचून झाल्यावर वर्ग गप्प झाला होता. ‘चार हात’ हा हिशोब आमच्या आजोबांच्या पिढीला कुणी वेगळा समजावून सांगायची गरज नव्हती. पण भावनेच्या भरात दोन गोष्टी एक करू नयेत. स्पिनोझावर बहिष्कार पडला तो त्याने विचार केला म्हणून. आपल्या पूर्वजांवर तो विचार करण्याआधीच, जन्मतःच पडलेला होता. आणखी एक गोष्ट. बहिष्कार टाकणारा तो समाज स्वतः स्पेन-पोर्तुगालमधल्या धार्मिक छळातून जीव वाचवून आलेल्यांचा होता. छळ सोसलेला माणूस छळ करणारच नाही, अशी खात्री देता येत नाही. चळवळीने हे स्वतःच्या संदर्भात तपासत राहावे.

पुढे स्पिनोझाने भिंगे घासून पोट भरले. १६७० मध्ये त्याने धर्म आणि राज्य यांवरचे पुस्तक नाव न देता, छपाईचे ठिकाणही खोटे टाकून प्रसिद्ध केले. धर्मग्रंथ माणसांनी लिहिलेले आहेत, तेव्हा ते कोणी, कधी, कोणासाठी लिहिले याची चिकित्सा इतर जुन्या पुस्तकांसारखीच झाली पाहिजे, असे त्यात होते. मोझेसने लिहिल्याचे मानलेल्या ग्रंथात मोझेसच्या मृत्यूचीच हकिकत आहे, मग ती कोणी लिहिली? हा साधा प्रश्न हजार प्रवचनांना भारी आहे. १६७४ मध्ये त्या पुस्तकावर बंदी आली. त्याआधी, १६७३ मध्ये हायडलबर्ग विद्यापीठाने त्याला प्राध्यापकपद देऊ केले होते. अट एवढीच की रूढ धर्माला धक्का लावू नये. त्याने ते पद नाकारले.

स्पिनोझाचा देव म्हणजे सगळी निसर्गव्यवस्था. तो रागावत नाही, नवसाला पावत नाही, कुणा एका जमातीला निवडत नाही, चमत्कार करत नाही. म्हणजे देव हा शब्द ठेवला आणि राजा, न्यायाधीश, दलाल ही त्याची सगळी जुनी कामे काढून घेतली. नास्तिक म्हणवून न घेता पुरोहिताचा धंदा असा मुळापासून कापणारा दुसरा तत्त्वज्ञ आम्हाला भेटला नाही.

जन्मजात काही नाही

जॉन लॉकचे मोठे पुस्तक १६८९ च्या अखेरीस आले. त्याचे म्हणणे असे की माणूस जन्मतो तेव्हा त्याचे मन कोऱ्या कागदासारखे असते. कोणतेही तत्त्व जन्मजात नसते, सगळे अनुभवातून येते. आणि जन्मजात तत्त्वांची भाषा कोणाच्या सोयीची असते, तेही तो सांगतो. अमुक गोष्ट जन्मजातच आहे म्हटले की तिच्यावर प्रश्न विचारणे थांबते आणि शिकवणाऱ्याची सत्ता पक्की होते. ‘जन्मजात’ या शब्दाने ज्यांची पिढ्यान्‌पिढ्या कोंडी केली, त्यांना हे पटवून द्यावे लागत नाही.

पण हाच लॉक धार्मिक सहिष्णुतेवरच्या पत्रात म्हणतो की देव न मानणाऱ्याला सहन करू नये, कारण त्याच्या शपथेला किंमत नाही. आणि हाच लॉक आफ्रिकेतून गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत पैसे गुंतवतो. अमेरिकेतल्या कॅरोलायना वसाहतीची जी घटना १६६९ मध्ये तयार झाली, तिच्या लेखनात वसाहतीच्या मालकांचा सचिव म्हणून त्याचा हात होता. त्या घटनेत मालकाला काळ्या गुलामावर संपूर्ण सत्ता दिली आहे.

इथे आमच्यातल्या एका मुलीने खडू उचलला आणि फळ्यावर चौथा प्रश्न लिहिला : दाराबाहेर कोण राहिले? मग ती म्हणाली, मागच्यांनाही हा प्रश्न विचारू या. आम्ही मागे गेलो. स्पिनोझाच्या शेवटच्या अपुऱ्या राहिलेल्या पुस्तकात सापडले की राज्यकारभारातल्या सहभागातून त्याने स्त्रिया आणि नोकर दोघांनाही वगळले आहे.

चमत्काराला पुरावा मागणारा ह्यूम

स्कॉटलंडच्या एडिंबरोमध्ये ८ जानेवारी १६९७ रोजी थॉमस एकनहेड नावाच्या विद्यार्थ्याला फाशी दिले. वय सुमारे २०. गुन्हा काय, तर धर्माची निंदा. त्याच शहरात १७११ साली डेव्हिड ह्यूम जन्मला. तो जपून का लिहितो, काही पुस्तके मरेपर्यंत का छापत नाही, ते यावरून समजावे.

१७४८ च्या पुस्तकात ह्यूम चमत्काराबद्दल एक साधा तराजू देतो. कोणी चमत्कार झाल्याचे सांगितले, तर दोन शक्यता तोलून पाहा. निसर्गाचा नियम मोडला असेल, की सांगणारा फसला किंवा फसवतो आहे? यातली जास्त अशक्य गोष्ट सोडून द्या. २१ सप्टेंबर १९९५ ला देशभर गणपतीच्या मूर्ती दूध प्यायल्या तेव्हा पोस्टमन काका टपाल वाटताना रांगा बघत होते. ते म्हणाले, हा तराजू तेव्हा हातात असता तर निम्म्या गल्लीचे दूध वाचले असते.

जगाची रचना बघून रचनाकार देव आहे असे म्हणणाऱ्यांनाही ह्यूमने सोडले नाही. घर बघून गवंडी आठवतो, कारण घरे बांधताना आपण पाहिली आहेत. विश्वे तयार होताना कोणी पाहिली? आणि रचनाकार असलाच तर तो एकच, सर्वशक्तिमान आणि दयाळू आहे हे या दुःखाने भरलेल्या जगावरून कसे ठरवता? हे संवाद त्याच्या मृत्यूनंतर, १७७९ मध्ये छापले गेले.

तीनही प्रश्नांत ह्यूम पहिल्या नंबराने पास. चौथ्यात मात्र सपशेल नापास. राष्ट्रांच्या स्वभावावरच्या निबंधाला त्याने १७५३ मध्ये एक तळटीप जोडली. तिच्यात तो म्हणतो की काळ्या माणसांत कोणी बुद्धिमान निपजलाच नाही. जमैकात एका विद्वान काळ्या माणसाचे नाव घेतले जाते, पण तो दोन-चार शब्द स्पष्ट बोलणाऱ्या पोपटासारखा असावा. तो विद्वान म्हणजे फ्रान्सिस विल्यम्स, लॅटिनमध्ये कविता लिहिणारा. चमत्काराला पुरावा मागणारा ह्यूम इथे स्वतःच्या पूर्वग्रहाला पुरावा मागत नाही. १७७० मध्ये जेम्स बीटी या कट्टर ख्रिस्ती प्राध्यापकाने त्याला उत्तर दिले की हे विधान करायला तुझ्याकडे आधार काय? पुरावा मागणारा इथे आस्तिक होता आणि पूर्वग्रह बाळगणारा चिकित्सक. हा प्रसंग प्रत्येक नव्या बुद्धिवाद्याने लक्षात ठेवावा.

कांट आणि कोणाचा आळस?

इमॅन्युएल कांट हा घोड्यांचे चामडी साज बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा. १७८१ च्या ग्रंथात त्याने बुद्धीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आणि तिच्या मर्यादा ठरवल्या. देव आहे हे शुद्ध तर्काने सिद्ध करता येत नाही, नाही हेही सिद्ध करता येत नाही, असा त्याचा निकाल. मात्र १७८८ च्या पुस्तकात तो देवाला दुसऱ्या दाराने परत बोलावतो. नीती आणि सुख यांचा शेवटी मेळ बसेल अशी आशा धरायची तर देव मानावा लागतो. इथे देवाचे काम पुरावा देण्याचे राहत नाही, आशेला आधार देण्याचे होते.

प्रबोधन म्हणजे काय, हे सांगणारा त्याचा १७८४ चा छोटा निबंध आपली मुले फार उद्धृत करतात. दुसऱ्याच्या आधाराशिवाय स्वतःची बुद्धी वापरायचे धाडस करा, असे तो सांगतो. उत्तम. पण माणसाचे अज्ञानपण त्याने स्वतःच ओढवून घेतलेले असते, आळसामुळे आणि भित्रेपणामुळे, असेही तो म्हणतो. यावर आमच्या कंत्राटी कामगार मित्राने विचारले, ज्याला अक्षर ओळखायला बंदी होती त्याचा आळस कसला? मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात तर स्पष्ट आज्ञा आहे की तर्काच्या आधाराने श्रुती-स्मृतींचा अवमान करणाऱ्या द्विजाला नास्तिक ठरवून बाहेर काढावे. द्विजाची ही गत, तर ज्याला त्या ग्रंथांजवळ फिरकू द्यायचे नव्हते त्याच्या धाडसाची काय कथा! बुद्धी वापरायला धाडस लागते हे खरे. पण काहींना ते आळसाशी लढायला लागते आणि काहींना कायद्याशी. कांट हा फरक करत नाही.

कांटलाही चौथा प्रश्न चुकत नाही. १७६४ च्या पुस्तकात ह्यूमचाच हवाला देऊन तो काळ्या माणसांना कमी लेखतो. एका काळ्या सुताराचे म्हणणे नोंदवून तो शेरा मारतो की हा माणूस डोक्यापासून पायापर्यंत काळा होता, तेव्हा तो बोलला ते मूर्खपणाचे असल्याचा हा पुरावाच. बोलणे काय आहे ते न बघता बोलणारा कोण आहे ते बघणे आपल्याला नवीन नाही. पुढे १७९५ च्या शांततेवरच्या पुस्तकात त्याने युरोपीयांच्या परदेशांतल्या लुटीचा निषेध केला, हेही सांगितले पाहिजे.

आणि हे सगळे लिहिले जात होते त्याच्याही आधी जर्मनीत आंटोन विल्हेल्म आमो होऊन गेला होता. आजच्या घाना देशातून लहानपणीच नेलेला, एका सरदाराला भेट म्हणून दिलेला मुलगा. १७२९ मध्ये हाले विद्यापीठात त्याने युरोपातल्या काळ्या लोकांच्या हक्कांवर प्रबंध मांडला. १७३४ मध्ये विटेनबर्गला मनावरच्या प्रबंधात त्याने देकार्तची चूक दाखवली. पुढे तो हाले आणि येना विद्यापीठांत तत्त्वज्ञान शिकवत होता. ज्या विद्यापीठांच्या मुलखात तो शिकवून गेला त्याच मुलखात कांटने ‘काळा म्हणजे मूर्ख’ हा शेरा छापला. पुरावा दाराशी उभा होता, दार उघडून बघितले गेले नाही.

देव गेला, मनू राहिला

आता त्या मित्रांसाठी, ज्यांना वाटते की देव नाकारला की काम झाले. फ्रेडरिक नीत्शेने १८८२ मध्ये देवाच्या मृत्यूची घोषणा केली. आपल्या पोस्टरवर ती घोषणा छान शोभते. पण त्याच नीत्शेने १८८८ मध्ये लिहिलेल्या आणि १८९५ मध्ये छापलेल्या ख्रिस्तविरोधी पुस्तकात मनुस्मृतीचे गुणगान केले आहे. बायबलपेक्षा तो मनूला वरचा मानतो आणि जातींची उतरंड ही निसर्गाचीच व्यवस्था आहे असे सांगतो. देव गेला आणि मनू जागच्या जागी राहिला. मित्रांनो, देवाची खुर्ची रिकामी केल्याने उतरंड मोडत नाही. तिथे निसर्ग, वंश, राष्ट्र कोणालाही बसवता येते.

बाबासाहेबांनी ही गोष्ट नेमकी हेरली होती. हिंदू धर्माच्या तत्त्वज्ञानावरच्या, त्यांच्या हयातीत प्रकाशित न झालेल्या लेखनात ते नीत्शेने केलेल्या मनूच्या स्तुतीची दखल घेतात आणि दोघांची तुलना करतात. तिथेही ते नीत्शेवर अन्याय करत नाहीत. त्याचा श्रेष्ठ माणूस गुणाने ठरतो, मनूचा जन्माने, म्हणून मनूचे तत्त्वज्ञान त्याहून हीन, असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्याच लेखनात ते धर्माची परीक्षा न्याय आणि उपयुक्तता या कसोट्यांवर घेतात. हा धर्म माणसाला माणूस म्हणून वागवतो का, हा त्यांचा प्रश्न. आमचा चौथा प्रश्न त्यांनी आमच्या कितीतरी आधी विचारून ठेवला आहे.

१९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात त्यांना जॉन ड्यूई गुरू म्हणून लाभले. ज्ञान हे दुरून बघत बसण्यासाठी नाही, परिस्थिती बदलण्याचे साधन आहे, हा ड्यूईचा विचार. १९३६ च्या जातिनिर्मूलनाच्या भाषणात बाबासाहेबांनी ड्यूईचे ऋण मोकळेपणाने मान्य केले. पण कोलंबियात जातीवर पुस्तक लिहून ठेवलेले नव्हते. जातीचे विश्लेषण त्यांनी स्वतः केले. आणि कांटने नीतीच्या आशेसाठी देवाला परत बोलावले, तिथे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये सांगितले की धम्मात देवाची जागा नीतीने घेतली आहे. नीतीच्या मागे उभा राहायला तिथे जामीनदार लागत नाही.

‘उसना बुद्धिवाद’ म्हणणाऱ्याला आमचे उत्तर इथे आहे. विहिरीचे पाणी तपासून प्यावे हे कोणी परदेशात शिकले म्हणून ते पाणी परदेशी होत नाही. आणि जे त्यांच्याकडून घेतले, ते चाळून घेतले. देकार्तची शंका घ्या, जामीनदार सोडा. स्पिनोझाची ग्रंथचिकित्सा घ्या. लॉकचा कोरा कागद घ्या, शेअर्स त्याचे त्याला ठेवू द्या. ह्यूमचा तराजू घ्या आणि त्याची तळटीप त्याच तराजूत टाका. कांटचे धाडस घ्या आणि आळसाचा आरोप परत करा.

तरुण मित्रांना एवढेच सांगणे आहे. कोणाचेही वचन पुढे पाठवण्याआधी त्यामागचे कारण स्वतःच्या शब्दांत दोन ओळींत सांगता येते का ते बघा. येत नसेल तर ते वचन अजून तुमचे झालेले नाही. चारही प्रश्न प्रत्येक पुस्तकाला विचारा, बाबासाहेबांच्या पुस्तकांनाही. ते त्यांना आवडले असते. आणि तोच चौथा प्रश्न आपल्या बैठकीत, आपल्या घरात, आपल्या कार्यकारिणीतही विचारा : इथे दाराबाहेर कोण उभे आहे? आमच्या वर्गात तो विचारल्यावर लक्षात आले की चहा करायला दर वेळी मुलीच उठतात. पुढच्या रविवारपासून पाळी लावली आहे.

जयभीम!